यादीत नसलेली वाडी

इरशाळगड भटक्यांना ठाऊक असतो तो प्रबळगडाचा शेजारी म्हणून. त्याच्या उतारावर, खालापूर तालुक्यात, ठाकर आदिवासींची इरशाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर चढेनात, म्हणून ढिगारा माणसांनी फावड्या-कुदळींनी उपसला. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. २३ जुलैला शोध थांबवण्यात आला.

विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन मुंबईत १७ जुलैलाच सुरू झाले होते. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना विधानसभेत निवेदन करावे लागले. वाडीत ४८ कुटुंबे, २२८ रहिवासी, अशी माहिती देताना त्यांनी हेही सांगितले, की दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत इरशाळवाडी नव्हती.

पत्रकार परिषदेत बोललेले विरून जाते. सभागृहात बोललेले कार्यवाहीत नोंदले जाते आणि त्यावर सदस्याला पुढचा प्रश्न विचारता येतो. हा अधिकार मात्र फार सावकाश मिळाला. १८६१ च्या कायद्याने आलेल्या मुंबईच्या कायदेमंडळात सरकारला प्रश्न विचारण्याचीच सोय नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने झाली, पण उत्तर आले की विषय संपला. १८९५ मध्ये टिळक सदस्य झाले, तेव्हा त्यांच्या हाती एवढेच अपुरे हत्यार होते. उपप्रश्नाची मुभा १९०९ च्या सुधारणांनी दिली, तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. इतर सदस्यांना ती मिळायला १९१९ च्या सुधारणा याव्या लागल्या.

‘यादीत नव्हती’ या उत्तराचा खरा कस उपप्रश्नातच लागतो. यादी कोणी केली? केव्हा? डोंगर चढून कोण गेले होते? कर्जत-खालापुरातल्या कित्येक ठाकर-कातकरी वाड्या कागदावर मूळ गावाच्या नावाखाली मोजल्या जातात. गावाचे नाव यादीत शोधणाऱ्याला वाडी दिसेलच असे नाही. अशा वेळी सरकार खोटे न बोलताही अपुरे बोलू शकते, आणि ते उघडे पाडायला वाडीची वाट माहीत असलेला सदस्य लागतो.

सभागृहात मंत्र्यांनी दिलेला शब्दही असाच धरून ठेवावा लागतो. त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. ती कार्यवाहीतून आश्वासने वेचून काढते आणि पूर्तता झाली का, हे खात्याला विचारते. इरशाळवाडीच्या कायमस्वरूपी पुनर्वसनाचे काम सिडकोकडे आले. घरे उभी राहीपर्यंत वाचलेली कुटुंबे चौकजवळ कंटेनरच्या खोल्यांत राहिली.