बिग बर्डची भावकी

‘सेसमी स्ट्रीट’ ही लहान मुलांची अमेरिकन मालिका टीव्हीवर यायच्या आधी, १९६९ च्या उन्हाळ्यात, फिलाडेल्फियातल्या लहान मुलांना तिचे पाच कच्चे भाग दाखवले गेले. संशोधनप्रमुख एड पामर यांची तपासायची रीत मजेशीर होती. टीव्हीशेजारी दुसरा पडदा लावायचा, त्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवं रंगीत चित्र बदलत ठेवायचं आणि पोराची मान कोणत्या क्षणी तिकडे वळते ते टिपून घ्यायचं. बाहुल्या आल्या की माना हलत नव्हत्या. रस्त्यावरची खरी माणसं बोलायला लागली की मात्र एकेक मान वळायची.

दोष खरं तर तज्ज्ञांच्या सल्ल्याचा होता. बाहुल्या आणि माणसं एकत्र आणली तर खरं-खोटं यात मुलांचा गोंधळ उडेल, असं मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं, म्हणून दोन्ही वेगळी ठेवली होती. तो सल्ला बाजूला ठेवला गेला. मालिकेच्या बाहुल्या, म्हणजे ‘मपेट’, घडवणाऱ्या जिम हेन्सन यांनी रस्त्यावर राहणारी दोन पात्रं दिली: कचऱ्याच्या डब्यातला ऑस्कर आणि सव्वाआठ फुटी पिवळा पक्षी, बिग बर्ड. १० नोव्हेंबर १९६९ ला पहिला भाग लागला तेव्हा दोघंही रस्त्यावर हजर होते.

हा पक्षी आतून पाहण्यासारखा आहे. आत उभे राहून तो चालवणारे कॅरोल स्पिनी उजवा हात डोक्याच्या वर ताठ धरत. पक्ष्याची चोच म्हणजे त्यांचा पंजा, आणि पापण्या हलायच्या करंगळीनं. डावा हात डाव्या पंखात. उजव्या पंखात हात उरतच नाही, म्हणून डाव्या पंखापासून मानेतून मासे पकडायची दोरी ओवलेली. डावा खाली गेला की उजवा वर. बाहेरचं काही दिसायचं नाही, म्हणून छातीवर छोटा टीव्ही बांधलेला. आपण पडद्यावर कसे दिसतोय, ते पाहत पाहत स्पिनी चालत. पक्षी आधी बावळट गावंढळ म्हणून योजला होता. हा मोठा बावळट नसून लहान मूलच आहे, ही सूचनाही त्यांचीच, आणि मग चित्रच पालटलं.

आता परदेशी जाण्याची गोष्ट. बर्ट-अर्नी, कुकी मॉन्स्टर या मालिकेतल्या इतर बाहुल्यांच्या छोट्या प्रसंगांना मागे रस्ता नसतो. त्यामुळे त्यांच्यावर कुठलाही आवाज चढवला की काम भागतं. बिग बर्डचं तसं नाही. तो न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, न्यूयॉर्कच्या माणसांत उभा असतो. त्याला उचलायचं तर रस्ताही उचलावा लागतो. म्हणून बहुतेक देशांनी लहानग्यांना डबिंग करून घेतलं आणि थोरल्याच्या जागी आपला थोरला उभा केला. पक्ष्याला जन्म देणाऱ्या निर्णयातच त्याला परदेशगमन अवघड करणारी अट दडलेली होती, असं मला वाटतं.

१९७२ साली ब्राझीलमध्ये गॅरिबाल्डो आला. हाही पक्षीच, पण निळा. त्याच वर्षी मेक्सिकोत मगरीसारखा आबेलार्डो आला. काही वर्षांनी त्याच नावाचा हिरवा पोपट झाला. जर्मनीनं आधी १९७३ मध्ये सरळ डबिंग केलं. बव्हेरियाच्या प्रसारण संस्थेनं ते दाखवायलाच नकार दिला, हा अमेरिकन रस्ता आमच्या मुलांचा नाही म्हणून. ब्रिटनमध्ये बीबीसीनंही मालिका नाकारली होती. १९७८ मध्ये हॅम्बुर्गमध्ये जर्मन चौकट तयार झाली आणि तिच्यात सॅमसन नावाचं अस्वल आलं. हॉलंडमध्ये निळा पिनो, तुर्कस्तानात मिनिक कुश हे पक्षीच राहिले. स्पेननं १९७९ मध्ये कापोनाता नावाची कोंबडी करून पाहिली. मग १९८३ मध्ये एस्पिनेते हा गुलाबी हेजहॉग आणला आणि तो देशभर लाडका झाला. हा दिवसभर उघडाच फिरतो आणि झोपताना मात्र पायजमा घालतो, यावरून स्पॅनिश लोक अजून हसतात. त्याच वर्षी इस्रायलमध्ये आलेला किप्पी बेन किपोद दिसायला त्याच्या जुळ्या भावासारखा. कुवेतमध्ये १९७९ साली ‘इफ्तह या सिमसिम’मध्ये नोमान हा उंट आला. त्यानं कोणत्या देशाची बोली बोलावी, हा तंटा नको म्हणून सगळ्यांना प्रमाण अरबीत बोलायला लावलं.

भावकी म्हटली की वाद आलेच. सगळ्यांत कडाक्याचा वाद मॉस्कोत झाला. अमेरिकन निर्मात्या नताशा लान्स रोगॉफ यांनी २०२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. रशियन सहकाऱ्यांचं पहिलंच म्हणणं असं की, आमच्याकडे १९३१ पासून ओब्राझ्त्सोव्ह यांचं बाहुली थिएटर आहे, तुमचे केसाळ मपेट आम्हाला कशाला? म्हणणं चूक नव्हतं. हे चालू असताना देशात कायद्याचं राज्य डळमळीत होतं. बोलणी चालू असलेल्या वाहिनीचे प्रमुख व्लादिस्लाव लिस्तयेव यांचा १ मार्च १९९५ ला खून झाला. एकदा हत्यारबंद माणसं कचेरीत घुसली आणि सामानासोबत मालिकेतल्या एल्मोचा भलामोठा बाहुलाही घेऊन गेली, असं रोगॉफ सांगतात. इतकं होऊन १९९६ मध्ये जो थोरला पडद्यावर आला तो होता झेलिबोबा, अंगणातल्या ओकच्या झाडात राहणारा भुतासारखा जीव. अमेरिकन पक्षी नको म्हणता म्हणता रशियन लोककथा आत शिरली. मला हा सौदा उत्तम वाटतो.

चीन याला अपवाद. १९९८ मध्ये शांघायची मालिका सुरू झाली तेव्हा तिथल्यांनी पिवळा पक्षीच जवळपास जसाच्या तसा ठेवला. बिग बर्ड १९८३ मध्ये एका विशेष कार्यक्रमासाठी चीनमध्ये जाऊन आलेला होता, हेही असावं.

आपल्याकडे ‘गली गली सिम सिम’ १५ ऑगस्ट २००६ ला पोगो आणि कार्टून नेटवर्कवर लागली, निर्मिती मिडिटेक या कंपनीची. थोरला म्हणून आला बूम्बा सिंह, भांगड्याचा शौकीन. कोणी म्हणेल, आपल्याकडे बाहुल्यांना काय तोटा होता? पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या होत्याच. पण त्या दोऱ्यांवर नाचतात. कॅमेरा तोंडाजवळ नेला तर ओठ हलत नाहीत. अर्धवटरावाचे ओठ हलतात, पण त्याला बोलतं करणारे रामदास पाध्ये शेजारी नसतील तर निम्मी गंमत गेली. टीव्हीच्या चौकटीत माणूस लपवून बाहुली जिवंत करायची, तर मपेटची रीतच सोयीची होती. भारतात पुढे ज्या वस्त्यांमध्ये टीव्ही नव्हता तिथे भाजीच्या हातगाडीवर पडदा बसवून हे प्रसंग गल्लोगल्ली नेण्यात आले.

पण पोस्टरवर बूम्बा राहिला नाही. मालिकेचा चेहरा झाली चमकी, शाळेच्या गणवेशातली पाच वर्षांची मुलगी. इथे भावकीची एक निराळी शाखा दिसते. इजिप्तमध्ये २००० साली खोखा आली, मुलींनी शिकावं, मोठी स्वप्नं पाहावीत म्हणून मुद्दाम घडवलेली. दक्षिण आफ्रिकेत २००२ मध्ये एचआयव्हीबाधित कामी, बांगलादेशच्या ‘सिसिमपूर’मध्ये २००५ साली पुस्तकवेडी तुकतुकी. या शाखेत पंख नाहीत की आयाळ नाही, आणि उंचीही बेताची. अफगाणिस्तानात आधी बाहुल्यांचे प्रसंग बाहेरचेच दाखवले जात. पहिलं स्वतःचं पात्र घडवायची वेळ २०१६ मध्ये आली तेव्हा तिथल्यांनी कोणताही थोरला प्राणी घेतला नाही. झारी ही सहा वर्षांची, गणवेश आणि डोक्यावर रुमाल असलेली मुलगी घेतली. वर्षभरानं तिचा धाकटा भाऊ झीरक आला. तो शाळेत जाणाऱ्या बहिणीचं कौतुक करतो. त्याला घडवलं ते मुलांसाठी, म्हणजे घरोघरच्या भावांसाठी.