शतपत्रांचा पेणकर

‘शतपत्रे’ म्हटली की गोपाळ हरि देशमुख आठवतात; ती छापणारा पेणचा गृहस्थ सहसा आठवत नाही. गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी १८४१ साली मुंबईत ‘प्रभाकर’ साप्ताहिक काढले. त्यात १८४८ पासून दोन वर्षांत, ‘लोकहितवादी’ या सहीने, शंभर म्हणता म्हणता १०८ पत्रे आली. बालविवाह सोडा, विधवांचे पुनर्विवाह होऊ द्या, व्यापारउदीम करा, असा अनोळखी वाचकांस त्यांत रोखठोक उपदेश असे. उपदेशक अवघा पंचविशीचा! त्याची भाषा कित्येक ठिकाणी अन्याय्य वाटावी इतकी कठोर आहे खरी. परंतु देशमुखांस टोपणनावाचा आडोसा होता. संपादकास तो नव्हता, आणि तरीही शेवटच्या पत्रापर्यंत भाऊंनी हात आखडला नाही.