बयाण्यावरचं घर: द्वारका आणि गरजू विक्रेत्याची गोष्ट



गेल्या महिन्यात नाशिकहून माझ्या भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, अमेरिकेत लोक स्वतःचे पैसे न घालता घरांचा धंदा करतात. त्याला होलसेलिंग म्हणतात. घाईत असलेला विक्रेता शोधायचा, त्याच्याशी स्वस्तात करार करायचा आणि तो करारच दुसऱ्याला जास्त पैशांत द्यायचा. तुमच्याकडे आता द्वारका एक्सप्रेसवे झालाय. जमेल का तिथे?"

मला हसू आलं. म्हटलं, अरे, नाव तेवढं नवीन आहे. मी द्वारकेत राहायला आलो तेव्हाच हा धंदा इथे जुना झाला होता. माझं स्वतःचं घरही त्याच वाटेने माझ्याकडे आलं. आजचा भाग त्याच वाटेबद्दल आहे.

आधी दिल्लीची जमीन समजून घेऊ. १९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे डीडीए, स्थापन झालं. १९६१ पासून सरकारने दिल्लीभोवतीची शेतजमीन मोठ्या प्रमाणावर संपादित करायला सुरुवात केली. ती विकसित करून वाटायची जबाबदारी डीडीएकडे आली. मुंबई-पुण्यात बिल्डर जमीनमालकाकडे जातो. दिल्लीत बराच काळ सरकार हाच जमिनीचा सगळ्यात मोठा व्यापारी होता. द्वारका ही त्याच व्यवस्थेतली एक प्रचंड उपनगरी. तिचं आधीचं नाव पप्पनकलां. काकरोला, मटियाला, बागडोला, पोचनपूर अशा गावांच्या शेतांवर ती उभी राहिली. ही गावं आजही सेक्टरांच्या मधोमध आहेत.

या गावांतला शेतकरी हा द्वारकेचा पहिला गरजू विक्रेता. खरं तर त्याला विक्रेता तरी कसं म्हणायचं? १८९४ च्या भूसंपादन कायद्याने भाव ठरायचा तो अधिसूचनेच्या तारखेचा. १९८४ च्या दुरुस्तीनंतर त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम मिळू लागली. पण ज्याला अधिसूचना येणार याची कुणकुण आधी लागली, आणि ज्याला नोटीस हातात पडल्यावर कळलं, त्या दोघांतलं अंतर पैशांत मोजायला गेलं तर फार मोठं होतं. या धंद्याचा पाया तिथेच दिसतो. एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला माहीत नसतं, नफा त्या फरकातून येतो.

दुसरा गरजू विक्रेता म्हणजे रांगेत उभा राहिलेला नोकरदार. १९७९ साली डीडीएने घरांसाठी नवी नोंदणी योजना काढली. एक लाख सत्तर हजारांहून जास्त लोकांनी पैसे भरले. त्यातल्या कित्येकांना घर मिळायला वीस-पंचवीस वर्षं लागली. तरुणपणी अर्ज केलेला माणूस निवृत्तीच्या उंबरठ्यावर पोचला तेव्हा त्याच्या हाती वाटपपत्र पडलं. तोवर कोणी गावी परतला होता, कोणाची मुलं दुसऱ्या शहरात गेली होती. आणि पत्र आल्यावर ठरलेल्या मुदतीत रक्कम भरायची! अशा माणसाला घरापेक्षा पैसा जास्त हवा होता.

तिसरा गरजू विक्रेता म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद. डीडीए संस्थांना जमीन द्यायची आणि सभासद हप्ते भरून इमारत बांधायचे. बांधकाम रखडायचं, खर्च वाढायचा. मध्येच बदली झाली किंवा मुलीचं लग्न निघालं की एखाद्याचे हप्ते थकायचे. संस्थेची पहिली नोटीस त्याच्या घरी पोचायच्या आधी डीलर पोचलेला असायचा. आपण ज्याला एजंट म्हणतो, त्याला दिल्लीत प्रॉपर्टी डीलर म्हणतात. सेक्टरच्या बाजारात त्याचं एका खोलीचं दुकान असतं. कोणाचं थकलं आहे, कोणाकडे भावांचं भांडण लागलं आहे, कोण परदेशी निघाला आहे, ही सगळी माहिती चहाच्या कपाबरोबर तिथे येते.

आता त्याचा व्यवहार कसा चालायचा ते पाहा. डीलर विक्रेत्याला थोडी रक्कम बयाना म्हणून द्यायचा. आपल्याकडे इसार म्हणतात, जुन्या मराठीत बयाणाही म्हणतात. उरलेले पैसे दोन-तीन महिन्यांत द्यायचे ठरायचं आणि कागदावर खरेदीदाराचं नाव कोरं ठेवलं जायचं. त्या मुदतीत डीलर खरा खरेदीदार शोधायचा, त्याचं नाव कोऱ्या जागी भरायचा आणि मधला फरक खिशात घालायचा. भाचा ज्याला होलसेलिंग म्हणत होता, ते नेमकं हेच.

पण त्यात दिल्लीचा म्हणून एक खास गुंता होता. या मालमत्ता बहुतेक भाडेपट्ट्यावरच्या होत्या. उघडपणे विकायच्या तर डीडीएची परवानगी हवी, आणि अनेक प्रकारांत वाढलेल्या किमतीतला निम्मा हिस्साही डीडीएला द्यावा लागे. मग लोकांनी पळवाट काढली. खरेदीखत करायचंच नाही. त्याऐवजी कागदांची एक थप्पी करायची: विक्रीचा करार, कुलमुखत्यारपत्र, पैसे मिळाल्याची पावती, प्रतिज्ञापत्र, ताबापत्र आणि मृत्युपत्र.

मृत्युपत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. कुलमुखत्यारपत्र देणारा माणूस वारला की साधारणपणे ते अधिकारही संपतात. म्हणून त्याच्याकडून लिहून घ्यायचं की माझ्यानंतर हे घर अमक्याला मिळावं. म्हणजे धडधाकट माणसाने, ज्याची ओळख जेमतेम दोन तासांची, त्या परक्याच्या नावाने मृत्युपत्र करायचं! आणि मृत्युपत्र माणूस जिवंत असेपर्यंत कधीही बदलू शकतो. लाखो रुपयांची घरं असल्या कागदांवर या हातातून त्या हातात जात होती.

मीही त्यातलाच. ३१ डिसेंबर २००५ ला मेट्रो द्वारकेपर्यंत आली आणि भाव चढू लागले. काही महिन्यांनी मी एका सोसायटीतला फ्लॅट ठरवला. सह्यांच्या दिवशी मूळ सभासद आले होते. निवृत्त गृहस्थ, सत्तरीचे, हातात कापडी पिशवी. डीलरने आम्हाला शेजारी बसवलं, पण बोलू दिलं नाही. मृत्युपत्रावर सही करताना त्यांचा हात थांबला. मग माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "बेटा, आपको कितने में पड़ा?"

त्यांना किती मिळत होते ते मी पावतीवर वाचलं होतं. मी किती देत होतो ते मला माहीत होतंच. मधला फरक माझ्या दीड वर्षाच्या पगाराएवढा होता. डीलरने डोळ्यांनी खूण केली. मला घर हवं होतं. मी म्हटलं, "वही, जो लिखा है." त्यांनी सही केली. पुढे बरीच वर्षं, ते गेले आणि त्यांच्या मुलांनी मृत्युपत्राला हरकत घेतली तर काय, ही धास्ती माझ्या उशाशी होती. ती धास्ती मला त्या खोट्याची शिक्षाच वाटायची.

त्याच सुमाराला याहून मोठी भानगड उघड झाली होती. बंद पडलेल्या गृहनिर्माण संस्था बनावट सभासद-याद्या आणि खोट्या सह्यांनी जिवंत करायच्या, त्यांच्या नावाने डीडीएची स्वस्त जमीन घ्यायची आणि मग सभासदत्वं बाजारात विकायची. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शंभराहून जास्त संस्थांची चौकशी सीबीआयकडे दिली. द्वारकेचं नाव त्यात वारंवार आलं. इथे तर गरजू विक्रेता शोधायचीही गरज उरली नव्हती. तो कागदावरच तयार केला जात होता.

सरकारला हे सगळं दिसत होतं. १९९२ मध्ये भाडेपट्ट्याचं पूर्ण मालकीत रूपांतर करायची योजना आली, तेव्हा कुलमुखत्यारपत्रावर घर घेतलेल्यांनाही रूपांतर शुल्कावर एक तृतीयांश अधिभार भरून मालक होता येऊ लागलं. पुढे मीही याच दाराने आत गेलो. मग ११ ऑक्टोबर २०११ ला सर्वोच्च न्यायालयाचा सूरज लॅम्प खटल्यातला निकाल आला. न्या. रवींद्रन, न्या. पटनायक आणि आपले न्या. हेमंत गोखले यांच्या खंडपीठाने स्पष्ट सांगितलं की करार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांनी मालकी जात नाही. ती नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. घरच्या माणसाला कारभारासाठी दिलेल्या खऱ्या मुखत्यारपत्राला मात्र न्यायालयाने धक्का लावला नाही. डीलरची थप्पी एका दिवसात अर्ध्या किमतीची झाली.

तरी लाखो लोकांकडे दुसरा कागदच नव्हता. म्हणून २०१९ मध्ये दिल्लीतल्या अनधिकृत वसाहतींसाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागला आणि तिथे हीच मुखत्यारपत्रं मालकी देण्यासाठी ग्राह्य धरावी लागली.

मग भाच्याला मी काय सांगितलं? धंदा करायचाच असेल तर आधी कागद शिक. घर भाडेपट्ट्याचं आहे की पूर्ण मालकीचं, संस्थेची थकबाकी किती, वारस किती, कर्ज कोणत्या बँकेचं, हे आधी बघ. रेरात नोंदलेल्या प्रकल्पांत मध्यस्थी करायची तर एजंट म्हणून नोंदणी लागते. २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. करार दुसऱ्याला द्यायचा असेल तर कराराच्या पहिल्या पानावर तसं लिही. अमेरिकेतही इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये वारंवार असे व्यवहार करणाऱ्यांना परवान्याची अट घातली. म्हणजे तिकडेही हे रान मोकळं राहिलेलं नाही.

आणि विक्रेत्याचं म्हणशील तर तो सापडतोच. वाटणी रखडलेलं घर, परदेशी गेलेली मुलं, बँकेची नोटीस, एकटी राहणारी म्हातारी, हे प्रत्येक सोसायटीत आहे. तो घाईत आहे म्हणून त्याला भाव कमी मिळेल, यातही गैर नाही. लवकर आणि बिनघोर सुटका करून देणं ही सेवाच आहे आणि तिचे पैसे घ्यावेत. फक्त त्याने विचारलं, की समोरच्याला कितीला पडलं, तर खरा आकडा सांगता आला पाहिजे. ज्या व्यवहारात तो सांगता येत नाही, तो करू नकोस.

त्या दिवशी मला तो सांगता आला नव्हता. भाचा फोनवर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, ते आजोबा नंतर भेटले का?"

नाही भेटले. त्यांचं मृत्युपत्र मात्र अजून माझ्या कपाटात आहे.

भेटू पुढच्या भागात.