नमपाय प्रत्येक फाइलमध्ये पुन्हा का? एका ओळीचा इतिहास

प्रोजेक्ट एका फाइलमध्ये मावेनासा झाला की तुम्ही त्याचे तुकडे करता. एका मॉड्यूलमध्ये मोजमापे वाचायची, दुसऱ्यात समीकरणे सोडवायची, तिसऱ्यात आलेख काढायचे. मुख्य फाइलच्या पहिल्याच ओळीत 'इम्पोर्ट नमपाय अ‍ॅज एनपी' लिहिलेले असते. तरीही दुसऱ्या मॉड्यूलमधले फंक्शन चालवले की पायथन नेमएरर देतो: 'एनपी' हे नाव ठाऊक नाही. मग ती ओळ प्रत्येक फाइलमध्ये लिहायची का? आणि लिहिली तर एवढी मोठी लायब्ररी मेमरीत तीन वेळा भरली जाईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हो, दुसऱ्याचे नाही. असे का, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

केंब्रिजच्या एडसॅक संगणकासाठी विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी सबरुटीनचा संग्रह तयार केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९५१ साली निघाले. तिथे लायब्ररी हा शब्द अगदी शब्दशः खरा होता. छिद्रे पाडलेल्या कागदी फिती कपाटात ठेवलेल्या असत. वर्गमूळ हवे असेल तर ती फीत काढायची आणि तिची नक्कल आपल्या प्रोग्रॅमच्या फितीवर उतरवायची. म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमकडे स्वतःची प्रत.

१९५८ च्या फोरट्रान-२ मध्ये सबरुटीन स्वतंत्रपणे कंपाइल करता येऊ लागली. एका तुकड्यातली चूक सुधारायची तर सगळा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायला नको. पण कंपायलर एका वेळी एकच तुकडा पाहतो. शेजारच्या तुकड्यात कोणती नावे आहेत हे त्याला दिसत नाही. काही सामायिक ठेवायचे असेल तर 'कॉमन' असे मुद्दाम लिहावे लागे. इथे चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, आयआयटीत १९७३ साली आयबीएम ३७०/१५५ हा मोठा संगणक आला. त्या काळच्या फोरट्रानलाही हाच नियम लागू होता. हा नियम म्हणजे अडचण असे मुलांना वाटते. मला मात्र तीच सोय वाटते: तुकडा वाचताना तो कशावर अवलंबून आहे हे त्यातच दिसते.

१९९१ साली पायथन प्रसिद्ध झाला तोच मॉड्यूलसकट. ही रचना मॉड्यूला-३ या भाषेवरून घेतलेली. पायथनचे इम्पोर्ट दोन कामे करते. आधी 'सिस डॉट मॉड्यूल्स' या डिक्शनरीत पाहते, की हे मॉड्यूल आधीच आले आहे का. नसेल तरच ते एकदा चालवून तिथे नोंदवते. मग चालू फाइलमध्ये त्याला नाव देते. दुसऱ्या, तिसऱ्या फाइलमध्ये फक्त नाव द्यायचे काम उरते, आणि त्याला वेळ जवळजवळ लागत नाही. विहीर एकच, दोर मात्र ज्याचा त्याने टाकायचा.

दोर टाळायला काही जण 'फ्रॉम नमपाय इम्पोर्ट स्टार' लिहितात. तीन प्रश्नांचे गुण १०, २०, ३० आणि निगेटिव्ह मार्किंगचा -१ असे 'सम'ला दिले, तर पायथनचा स्वतःचा 'सम' ५९ सांगतो. स्टार लिहिल्यावर त्या नावावर नमपायचा 'सम' बसतो. तो -१ ला अक्षाचा क्रमांक समजून ६० देतो. एरर नाही, इशारा नाही.

मॉड्यूल जोडण्याचे चांगले उदाहरण चेन्नईतच आहे. आयआयटी मद्रासच्या एरोस्पेस विभागात पीएचडी करताना प्रभू रामचंद्रन यांनी प्रवाहांची आकडेवारी डोळ्यांना दिसावी म्हणून 'मायावी' हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले. २००१ साली एरोनॉटिकल सोसायटीच्या परिसंवादात त्यांनी ते मांडले. चित्र काढण्याचे जड काम सी++ मधली व्हीटीके लायब्ररी करते, वरचा भाग पायथनचा. खिडकी उघडून मायावी वापरता येते, तसेच ते तुमच्या प्रोग्रॅममध्ये मॉड्यूल म्हणून इम्पोर्टही करता येते. पुढे रामचंद्रन पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. मायावीच्या आजच्या आवृत्तीत नमपायचा अ‍ॅरे थेट देता येतो, आणि हे वाटते तेवढे साधे नाही.

कारण २००१ च्या सुमारास पायथनमध्ये अ‍ॅरेच दोन तऱ्हांचे होऊ लागले होते. १९९५ पासून जिम ह्युगुनिन यांची 'न्यूमेरिक' होती. हबल दुर्बिणीची प्रचंड छायाचित्रे हाताळणाऱ्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटने 'नमअ‍ॅरे' काढली. ती मोठ्या अ‍ॅरेला वेगवान, लहानांना मंद. सायपाय न्यूमेरिकवरच राहिली. एकीसाठी सी मध्ये लिहिलेले मॉड्यूल दुसरीचा अ‍ॅरे थेट घेईलच असे नव्हते. तुमचे समीकरणांचे मॉड्यूल एकीवर आणि आलेखांचे दुसरीवर असते, तर मधे रूपांतर करत बसावे लागले असते. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी न्यूमेरिकचा पाया घेऊन त्यात नमअ‍ॅरेचे गुण आणले, आणि २००६ मध्ये नमपाय १.० आली. आज तीन मॉड्यूल तीन जणांनी लिहिली तरी अ‍ॅरे एकच, याचे श्रेय त्या कामाला आहे.

एकच प्रत असण्याची दुसरी बाजूही आहे. तुमच्या मदतनीस मॉड्यूलमध्ये कुणी 'रँडम डॉट सीड' लिहिले असेल, तर ते इम्पोर्ट होताच मुख्य फाइलमधले यादृच्छिक आकडेही बदलतात. 'एनपी' हे नाव प्रत्येक फाइलचे वेगळे, पण त्यामागची स्थिती सामायिक. एकट्याने चालवल्यावर बरोबर येणारे सिम्युलेशन मित्राच्या मॉड्यूलसोबत वेगळे उत्तर देत असेल, तर आधी हे तपासा. नमपाय १.१७ (२०१९) पासून 'डीफॉल्ट आरएनजी' वापरून स्वतंत्र जनक तयार करता येतो. तो मुख्य फाइलमध्ये एकदा बनवा आणि ज्या फंक्शनला लागेल त्याला आर्ग्युमेंट म्हणून द्या.