सोलापूर-मुंबई : अंतर तेच, वेळ वेगळा

सात रस्त्यावरून स्टेशन काही लांब नाही, आणि होटगी रोडनं सरळ निघालं की विमानतळ येतो. मुंबईला विमान सुरू झाल्यापासून आमच्या नात्यागोत्यात एकच वाद. "तासाभरात पोचतोय की बे, गाडीनं कशाला?"

रेल्वेनं हे अंतर ४५५ किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून सरळ मोजलं तर ३६० च्या आसपास. उरलेले किलोमीटर कुर्डुवाडी, दौंड, पुणे अशी वळणं आणि बोरघाट खातो.

या घाटानं एके काळी सोलापूरकरांना चांगलंच अडवलं होतं. जीआयपी रेल्वे सोलापूरला आली १८६० साली. पण तेव्हा घाटातला मार्ग तयारच नव्हता! मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत, इकडून खंडाळ्यापर्यंत. मधला चढ-उतार पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीनं. घाट फोडताना हजारो मजूर पटकी आणि तापानं मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, कंत्राट पुढे चालवलं. (आपल्या शाळेच्या पुस्तकात ही बाई कधी भेटली नाही.) १८६३ मध्ये घाट खुला झाला तेव्हा कुठे सोलापूर मुंबईला सलग जोडलं गेलं. मग कापूस निघाला, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि गावात धुराडी उभी राहिली.

गंमत बघा, रेल्वेनं धुराडी आणली आणि विमानासाठी एक पाडावं लागलं. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची सुमारे ९० मीटरची चिमणी विमानाच्या वाटेत येत होती. किंगफिशरची मुंबईची विमानं काही काळ येऊन थांबली होती. नंतर कित्येक वर्षं धावपट्टी आहे, विमान नाही. शहरात विमानासाठी आंदोलनं, तर ऊस घालणाऱ्या सभासदांचा पाडकामाला विरोध. दोघांचंही खोटं नव्हतं. ज्याचा ऊस त्या कारखान्यात जातो, त्यानं मुंबईचा तास वाचवून काय करायचं? १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं.

आता हिशेब. विमान हवेत साधारण तासभर. पण आधी तास-दीड तास विमानतळावर, उतरल्यावर सामान, मग मुंबईतली गर्दी. घर ते घर चार तास धरा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत साडेसहा तास घेते. म्हणजे वाचतात दोन-अडीच तास, फार तर तीन. पेशंट न्यायचा असेल किंवा दुपारची मीटिंग गाठायची असेल तर ते लाखमोलाचे. एरवी सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सुटते, सकाळी मुंबई. झोपेत गेलेला वेळ कुणी मोजतं का?

आमची मावशी तरी मोजत नाही. तिचा आक्षेप निराळाच आहे. म्हणते, कडक भाकरी आणि शेंगाचटणी वजन करून न्यायची, हे कुठलं माहेरपण?