घरादाराचा माणूस

आमचा आजा गेला २००१ साली. वय अठ्ठ्याऐंशी. दहावा नाशकाला रामकुंडावर केला. बोलायला उभे राहिलेले पाव्हणे फिरून फिरून एकच सांगत होते, म्हातारा घरादाराचा माणूस होता. ते खोटं नव्हतं. दारू नाही, कज्जा नाही, स्वतःची लेकरं आणि मेलेल्या भावाची लेकरं एका ताटात वाढवली. घरी येऊन मी हे आजीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हता ना. पर घरदार बी त्याच्यासाठी कमी न्हाई झिजलं."

ती विहिरीबद्दल बोलत होती, हे मला लगेच कळलं.

सिन्नरच्या पूर्वेकडचा आमचा पट्टा. गोदावरी आमच्याच जिल्ह्यात उगम पावते, पण आमच्या वाट्याला कोरडे ओढे. १९७२च्या दुष्काळात आज्यानं विहीर पाडायची ठरवली. आजीच्या पाटल्या आणि पुतळ्यांची माळ सावकाराकडं गेली. वर मुरूम लागला तोवर ठीक होतं, खाली काळा पाषाण. सुरुंग लावायचा, धूर बसला की उतरायचं. मजूर लावायला पैसा नव्हता, म्हणून वडील, चुलते, आई, चुलत्या सगळे दगड वर काढायला. मी आठ वर्षांचा, पाण्याचा तांब्या घेऊन काठावर. आजी भाकऱ्या थापून आणायची आणि त्याच हातानं घमेलं उचलायची. पाणी लागलं, एकरभर कांदा भिजेल एवढं. आज्यानं पहिली ओंजळ आजीच्या हातावर ओतली. डाग मात्र सुटले नाहीत.

मग बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लागला. आजी नव्वदीला टेकलेली, कानानं अधू, पण पडद्यावरून नजर हटवली नाही. मध्येच विचारलं, "हा मानूस कुठला?"

"आपल्या त्र्यंबकचा."

तेव्हापासून मी दादासाहेब फाळक्यांबद्दल मिळेल ते वाचत गेलो. भारतीय चित्रपटाचे जनक वगैरे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. मला मात्र त्यांच्या घरात डोकवायचं होतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी, शास्त्र्याच्या घरात. मुंबईच्या जे. जे.त चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात पुढचं शिक्षण, गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा. तिथं प्लेगानं पहिली पत्नी आणि मूल दोन्ही नेलं. अशा माणसानं पुन्हा संसार मांडला तो १९०२ साली, किर्लोस्कर नाटक मंडळीशी नातं असलेल्या घरातल्या गिरिजा करंदीकर यांच्याशी. लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. पुढं पुरातत्त्व खात्यातली नोकरी लागली आणि सुटली, छापखाना निघाला आणि भागीदारांशी बिनसून तोही सुटला. वय चाळिशीच्या पुढं, पदरात लेकरं, हातात काही नाही.

१९११ साली ईस्टरच्या दिवसांत गिरगावात त्यांनी येशूच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी येतील, या विचारानं त्यांना झपाटलं. सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो चित्रपट नेऊन दाखवला. ही गोष्ट मला मोठी वाटते. वेड लागल्यावर बहुतेक पुरुष बायकोला शेवटी सांगतात. आमच्या आज्यानंही खडूनं विहिरीची जागा आखल्यावरच सांगितलं होतं.

नंतर रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून फाळक्यांचे डोळेच काही काळ गेले. उपचारानं दिसायला लागलं, तर विम्याची पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. दोन महिन्यांत शिकून, विल्यमसनचा कॅमेरा घेऊन परतले. सावकाराला विश्वास वाटावा म्हणून त्यांनी काय दाखवलं? कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो, हे थोडं थोडं टिपून केलेली लहानशी फिल्म. शेतकऱ्याला यात नवल कसलं, पण पैसेवाल्यांना पटलं.

‘राजा हरिश्चंद्र’ दादरला राहत्या घराशीच घडला. फिल्मच्या कडांना भोकं पाडायची ती रात्री अंधाऱ्या खोलीत सरस्वतीबाईंनी. रसायनं कालवायची त्यांनी. उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडायचा तो त्यांनी. शिवाय साठ-सत्तर माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक. अंगावरचं सोनं कधीच गेलेलं. तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा सरस्वतीबाईंनाच विचारलं आणि त्यांनी नकार दिला, असं सांगतात. मला तो नकार फार आवडतो. एवढं सगळं करणाऱ्या बाईनं एक गोष्ट तरी नाही म्हटली. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले आणि रोहिदास झाला फाळक्यांचा थोरला, भालचंद्र.

आता बघा, गोष्ट निवडली कोणती? शब्दासाठी बायको-पोराला विकणाऱ्या राजाची. फाळक्यांना हे जाणवलं नसेल का? ३ मे १९१३ रोजी चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला तेव्हा लोक रडले ते रोहिदासासाठी, आणि तो पोरगा घरचाच होता.

त्याच वर्षी फाळके कुटुंबाला घेऊन नाशकाला आले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, १९१७ला ‘लंकादहन’ इथूनच निघाले. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. शेतकऱ्याच्या घरात जसं रांगणारं सोडून कुणी रिकामं बसत नाही, तसंच हे घर. पुढं भागीदारांशी पटेना, तेव्हा सगळं सोडून काशीला गेले, तर तेही बायको-मुलांसकट. परत आले. बोलपट आला आणि त्यांचा काळ मागं पडला. १९३७चा ‘गंगावतरण’ शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच गेले, हाती फारसं काही नसताना.

पांडवलेण्यांच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे. शाळेच्या सहली येतात, मीही मास्तरकीत पोरं घेऊन गेलो. हा माणूस कुटुंबवत्सल होता का, असं मला कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण थोडं थांबून. घराला त्यांनी कधी मागं सोडलं नाही. घराला त्यांनी कधी उसंतही दिली नाही.

टीव्हीवर त्या रात्री चित्रपट संपला, तरी आजी उठली नाही. "त्या बाईचं डाग सुटलं का रं?"

मी म्हटलं, "लंकादहन लई चालला आजी. मद्रासेत तर गल्ल्याचा पैसा बैलगाडीतून नेला म्हणतात, बरोबर पोलीस घेऊन."

"मंग केलं आसतील त्यानं," ती म्हणाली. हातातल्या काचेच्या बांगड्या तिनं उगाच मागंपुढं केल्या. "आपल्यात कांद्याला भाव कुटं व्हता तवा."