सुईचें टोंक

घरांतील सर्वांत लहान आणि स्वस्त हत्यार कोणतें, असें विचारल्यास कोणतीही गृहिणी सुईकडेच बोट दाखवील. परंतु सुई कशी पारखावी हें थोड्यांस ठाऊक असतें. आणि तिला टोंक कोणी काढलें, हें तर त्याहूनही थोड्यांस.

कापडाच्या सुईचें टोंक गोल असावें. तें धागे न तोडतां त्यांच्यामधून वाट काढतें. कातड्यास अशी वीण नसते. म्हणून हातमोज्यांच्या पातळ चामड्यास तिधारी टोंक लागतें. तीच सुई मलमलीवर चालविली तर धागे कापले जातात. जाड चामड्यास आरीनें आधीं भोंक पाडतात. तेथें बोथट सुईच बरी, कारण ती शेजारचा दोरा फोडीत नाहीं. खोगीर शिवणारा कारागीर एकाच दोऱ्यास दोन्हीकडे सुया ओंवून त्या प्रत्येक भोंकांतून समोरासमोर काढतो. त्यामुळें एक टाका झिजला तरी सारी शिवण उसवत नाहीं.

टोंकानंतर पाहावयाचें तें नेढें व पाणी. नेढ्यांत दोरा मागेंपुढें ओढून पाहावा. तो पिंजला तर सुई टाकाऊ. पोलादास पाणी नीट दिलेलें असल्यास सुई किंचित् लवून पुन्हां सरळ होते. कच्ची सुई वांकडीच राहते, आणि फाजील कडक सुई मोडते.

हे गुण सुईच्या अंगीं आणण्यांत इंग्लंडांतील रेडिच गांव अग्रेसर होतें. एकोणिसाव्या शतकांत जगांतील बहुतेक सुया तेथून जात. दोन सुयांइतकी तार तोडून तिच्या दोन्ही शेवटांस टोंक काढीत, मध्यें दोन नेढीं पाडीत व मग ती दुभंगीत. पुढें पाणी देऊन, कुरुंदाची पूड व साबण घालून, सुयांचे गठ्ठे दीर्घकाळ घोळवीत. फोर्ज मिल या तेथील पाणचक्कींत हें काम १७३० पासून १९५८ पर्यंत चाललें.

यांत टोंक काढणें हें काम प्राणघातक होतें. गंज चढूं नये म्हणून तें कोरड्या दगडावर करीत. दगडाची व पोलादाची धूळ फुप्फुसांत बसे, आणि कारागीर ऐन उमेदींत मरत. १८२१ च्या सुमारास शेफील्डच्या अब्राहम नांवाच्या गृहस्थानें धूळ अडविण्यास लोहचुंबकाची युक्ति काढली. चुंबकानें पोलादाचे कण थोपविले, तरी दगडाची धूळ त्यास जुमानीत नसे. परंतु मोठी अडचण निराळीच होती. जिवाच्या धोक्यामुळेंच या कामाची मजुरी भारी होती. धोका टळला तर मजुरीही उतरेल, या भीतीनें कारागीरच अशा उपायांस विरोध करीत. पोटासाठीं त्यांनीं आयुष्य विकलें होतें, आणि भाव पडूं देण्यास ते तयार नव्हते.

पुढें धूळ ओढून नेणारे पंखे व टोंक काढणारीं यंत्रें आलीं, तेव्हां ही हानि थांबली. फोर्ज मिलमध्यें १९८३ सालीं संग्रहालय उघडलें. सुई स्वस्त झाली ती यंत्रामुळें, हें खरें. परंतु यंत्र येईपर्यंत तिची खरी किंमत दुकानांतल्या भावांत कधींच दिसली नाहीं.